‘पडीक’ कोणी ठरवले? धाराशिवच्या माळरानाची एक जुनी बदनामी

१/ टांझानियातील सेरेंगेटी पाहून आलेला मराठी पर्यटक तेथील गवताळ क्षितिजाचे वर्णन करताना थकत नाही. तोच पर्यटक येरमाळ्याहून येडशीकडे जाताना मोटारीची काच वर करतो आणि म्हणतो, ‘इथे काय आहे? नुसता माळ.’ या ‘नुसता’ शब्दामागे दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे. #थ्रेड

२/ ‘सेरेंगेटी’ हे नाव मासाई भाषेतील ज्या शब्दावरून आले, त्याचा अर्थ ‘न संपणारी भूमी’ असा सांगितला जातो. १९५१ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. क्षेत्र १४,७६३ चौरस किलोमीटर. मराठीतील ‘माळरान’ हा शब्दही तशाच मोकळ्या भूमीचा आहे. फरक एवढाच की, तेथील गवताला जगाने वारसा मानले आणि येथील गवताला आपण ओसाडी म्हटले.

३/ बालाघाटच्या पठारावरील पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते, मधूनमधून खैर, हिवर, बाभूळ, तरवड. त्यांत काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, तरस, माळढोक, तणमोर. ही संपूर्ण जीवसृष्टी मोकळ्या भूमीची आहे. दाट अरण्यात काळवीट धावू शकत नाही आणि माळढोक शत्रूला दुरून हेरू शकत नाही.

४/ ‘पूर्वी येथे घनदाट जंगल होते, माणसाने ते तोडले, म्हणून माळ उरला’ हे विधान शाळेपासून ऐकवले जाते. काही डोंगरउतारांबाबत ते खरेही असेल. परंतु सरसकट सर्व माळांना ते लावणे हा इतिहासाचा विपर्यास आहे. पश्चिम महाराष्ट्रातील माळरानांविषयी २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेराव्या ते विसाव्या शतकांतील मराठी साहित्य आणि मौखिक परंपरा यांतील वनस्पतींचे उल्लेख तपासले गेले. त्यांत माळावर वाढणाऱ्या वनस्पतींचेच प्राबल्य आढळले. म्हणजे ही माळराने किमान ७५० वर्षे जुनी आहेत. धाराशिवचा पट्टा त्या अभ्यासाच्या पूर्वेस असला, तरी प्रश्न तोच आणि शोधण्याची वाटही तीच.

५/ आता धाराशिव जिल्ह्यातील तेर पाहा. प्राचीन तगर ते हेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथानुसार पैठण आणि तगर येथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. गाडी म्हटली की बैल आले आणि बैल म्हटले की चारा आला. शेकडो किलोमीटरच्या त्या वाटेवर बैल जगले ते वाटेतल्या गवतावरच. तेरच्या व्यापाराचा अभिमान बाळगणाऱ्यांनी त्या व्यापाराचे इंधन कोणते होते, हेही विचारावे.

६/ मध्ययुगात तर गवत म्हणजे राज्याचे बळ. परंडा आणि नळदुर्ग हे या जिल्ह्यातील दोन बलाढ्य किल्ले. त्यांच्यासाठी बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल अशा सत्ता झुंजल्या. त्या सर्वांच्या लष्कराचा कणा घोडदळ होता. मराठ्यांच्या कारभारात ‘कुरण’ ही राखीव, मोलाची जमीन असे. पागेचे गवत तेथून येई. भीमथडीच्या तट्टांचे गुणगान करायचे आणि ती तट्टे ज्यावर पोसली त्या गवताला ‘पडीक’ म्हणायचे, ही विसंगती नव्हे काय?

७/ मग कुरणाचा ‘खराबा’ कधी झाला? सालारजंग यांच्या दिवाणगिरीत (१८५३–१८८३) निजामाच्या मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमीनमोजणी आणि सारापद्धती आली. या पद्धतीचे गणित साधे होते. नांगराखाली आणि साऱ्याखाली येणारी जमीन ती ‘लागवडीलायक’; उरलेली ‘पड’, ‘खराबा’, ‘पोटखराबा’. सातबाऱ्यावर हे शब्द आजही नांदत आहेत.

८/ ही वर्गवारी जमिनीच्या गुणाची नव्हती, महसुलाच्या दृष्टीची होती. मेंढपाळाच्या लेखी जो चराईचा ठेवा, तो सरकारच्या लेखी शून्य उत्पन्नाचा तुकडा. स्वातंत्र्यानंतर सत्ता बदलली. नजर मात्र बदलली नाही. २००० साली केंद्र सरकारने देशाच्या ‘पडीक जमिनीं’चा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात झुडपी आणि गवताळ क्षेत्रेही ‘पडीक’ म्हणूनच दाखवली गेली. वसाहतकाळातील शब्द उपग्रहाच्या छायाचित्रावर जाऊन बसला.

९/ शब्द चुकला की कृती चुकते. २०१९ साली राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य ठेवले गेले. हेतू चांगला होता. पण झाड लावायचे कोठे, या प्रश्नाला ‘मोकळ्या जागेत’ असे उत्तर दिले की पहिला बळी माळरानाचा जातो. अनेक माळांवर गिरिपुष्पासारखी मूळची परदेशी झाडे रांगेने उभी राहिली. त्यांच्या सावलीत मारवेल खुरटते, मेंढ्यांची चराई आटते, काळवीट शेताकडे वळते. अरण्य तोडणे पाप, तर गवत गाडून त्यावर झाडांच्या रांगा उभारणे पुण्य कसे?

१०/ चित्त्याची कथा याच अज्ञानाचे फळ आहे. दख्खनच्या मोकळ्या भूमीत काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात. भारतातील चित्ते दुर्मीळ झाले, तेव्हा कोल्हापूर संस्थानाने आफ्रिकेतून चित्ते आणवले. १९४७ साली कोरियाच्या महाराजांनी तीन चित्ते मारले. भारतातील चित्त्याची ती शेवटची निर्विवाद नोंद मानली जाते. १९५२ साली तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. २०२२ साली नामिबियातून आठ चित्ते कुनोत आले, तेव्हा टाळ्या पडल्या. चित्ता विमानाने आणता येतो. माळरान कोणत्या विमानाने आणणार?

११/ येडशीचे रामलिंग घाट अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. क्षेत्र सुमारे २२ चौरस किलोमीटर. दरीतील महादेवाचे मंदिर आणि रावणाशी झुंजून पडलेल्या जटायूची लोककथा यांमुळे भाविक तेथे येतात. २०२४ च्या डिसेंबरात तेथे वेगळाच पाहुणा कॅमेऱ्यात टिपला गेला: यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ.

१२/ त्यापूर्वी २०१९ साली टिपेश्वरच्याच एका वाघाने सुमारे १३०० किलोमीटर भटकंती करून बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य गाठले होते. हे वाघ सलग जंगलातून आले नाहीत. ओढ्यांचे काठ, झुडपी माळ, गायराने, उसाचे फड यांतून आले. ज्या तुकड्यांना दप्तर ‘खराबा’ म्हणते, त्यांनीच वाघाला वाट दिली. येडशीत आल्यावर त्याने जनावरे मारली, शेतकरी धास्तावले, त्याला पकडण्याचे प्रयत्न झाले. चर्चा झाली ती वाघाची. वाटेची कोणी केली नाही.

१३/ आक्षेप पहिला: ‘हरणे आणि रानडुकरे पीक फस्त करतात; माळरानाचे कौतुक शहरात बसून सोपे आहे.’ आक्षेप रास्त आहे. ज्याची तूर किंवा सोयाबीन एका रात्रीत आडवी झाली, त्याला वारशाचे प्रवचन देणे क्रूरपणाचे ठरेल. भरपाई वेळेवर आणि पूर्ण मिळालीच पाहिजे. परंतु माळ नांगरला, झाकला, कुंपणात घातला, तर हरीण नाहीसे होत नाही. त्याला शेताशिवाय जागा उरत नाही.

१४/ आक्षेप दुसरा अधिक गंभीर आहे: ‘गायरान राखायचे, तर भूमिहीनांनी जायचे कोठे?’ दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह विसरून मराठवाड्याच्या जमिनीबद्दल बोलता येत नाही. गायरानाचा तुकडा कसून पोट भरणाऱ्या दलित कुटुंबाला ‘अतिक्रमक’ ठरवायचे आणि शेजारचा शेकडो एकरांचा माळ प्रकल्पाला ‘ओसाड’ म्हणून द्यायचा, असे संवर्धन हे ढोंग होय.

१५/ सेरेंगेटीचे गोडवे गाणाऱ्यांनी १९५९ हे सालही लक्षात ठेवावे. त्या वर्षी उद्यानातून मासाई पशुपालकांना बाहेर काढून गोरोंगोरोकडे हलवण्यात आले. ज्यांच्या गुरांसोबत ते गवत शतकानुशतके नांदले, तेच परके ठरले. ‘माणसाविना निसर्ग’ ही कल्पना तेथेही बाहेरून लादलेली होती.

१६/ उलट टोकाची चूक शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात झाली. १९७९ साली माळढोकसाठी तब्बल ८४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य कागदावर आखले गेले. त्यात गावे, शेते, बाजारपेठा सारे आले. जमिनीचे व्यवहार अडले, लोकांचा रोष पक्ष्यावर निघाला. पुढे क्षेत्र सुमारे १२०० चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोवर पक्षी आणि लोकांचा विश्वास दोन्ही गेले. नान्नजचा माळढोक आज दिसला तर बातमी होते.

१७/ म्हणून मागणी अभयारण्याची रेघ वाढवण्याची नाही. ‘पडीक’ हा शब्द दप्तरातून काढा. माळरान ही स्वतंत्र नोंद करा. गवताळ भूमीवर सरसकट वृक्षलागवड थांबवा. धनगरांच्या चराईच्या हक्काला लेखी मान्यता द्या. पवनचक्की किंवा सौरप्रकल्पाला जागा देताना ‘तेथे काही नाही’ हे वाक्य पुरावा म्हणून स्वीकारू नका.

१८/ इतिहासाच्या अभ्यासकांचे कामही येथेच आहे. किल्ल्यांच्या तटांवर आणि राजांच्या वंशावळींवर ग्रंथ झाले. कुरणांच्या नोंदी, चराईच्या कराराचे कागद, मेंढपाळांच्या ओव्या यांकडे फारसे कोणी वळलेले नाही. आपल्या गावाच्या सातबाऱ्यात ‘खराबा’ किती आणि गावातील म्हातारी माणसे त्या तुकड्याला कोणत्या नावाने ओळखतात, एवढे प्रत्येकाने शोधले तरी मोठे दप्तर उभे राहील. दप्तराने ज्याला नाव नाकारले, त्याला लोकांच्या तोंडी बहुधा नाव असतेच.