पडद्यामागचे देशमुख

११ ऑक्टोबर हा नानाजी देशमुखांचा जन्मदिवस. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही वीस-पंचवीस मराठी माणसे रामकृष्णपुरमातील, म्हणजे कचेरीच्या भाषेत आर. के. पुरममधील, एका सरकारी क्वार्टरात जमलो होतो. बहुतेक सारे केंद्र सरकारचे नोकर. कोणी सेवाभवनातील, कोणी वेस्ट ब्लॉकमधील, कोणी निवृत्त होऊनही दिल्ली न सोडलेले. तीन भाषणे झाली. पहिल्या वक्त्यांनी नानाजींच्या धोतर-सदऱ्याचे वर्णन केले. दुसऱ्यांनी ते स्वतःचा स्वयंपाक कसा करीत हे सांगितले. तिसऱ्यांनी त्यांना घर नव्हते, संसार नव्हता, पदाचा मोह नव्हता असे सांगून डोळे टिपले. टाळ्या झाल्या, चहा झाला, आणि मंडळी उठली.

घरी परतताना आम्हांस जाणवले की, सुमारे तीस वर्षे हा माणूस करीत काय होता हे एकाही वक्त्याने सांगितलेले नाही! काय खात होता, काय नेसत होता, कशास नाही म्हणत होता, हे सारे कळले. जे केले, ते तेवढे राहून गेले. ही चूक त्या तीन सज्जनांची नव्हे. पडद्यामागच्या राजकीय कार्यकर्त्याविषयी बोलण्याची आपल्याकडे पडलेली रीतच अशी आहे, आणि ती रीत घातक आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

दिल्लीने दोन देशमुख पाहिले. एक चिंतामणराव, आय. सी. एस., रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे अर्थमंत्री. दुसरे चंडिकादास अमृतराव, म्हणजे आपले नानाजी. चिंतामणरावांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला, तेव्हा त्यांनी लोकसभेत उभे राहून सविस्तर निवेदन केले. इतका मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता जाहीर झाला, हा त्यांचा एक प्रमुख आक्षेप होता. तो खरा की खोटा, याचा वाद आजही घालता येतो. कारण निवेदन छापलेले आहे आणि त्याला दिलेले उत्तरही छापलेले आहे. आता दुसऱ्या देशमुखांकडे वळावे, तर वाद घालण्यास कागदच हाती लागत नाही. हाती लागते ते धोतर.

वास्तविक नानाजींचे चरित्र एखाद्या कादंबरीस लाजवील असे आहे. १९१६ साली परभणीकडच्या, आताच्या हिंगोली जिल्ह्यातील कडोळी या गावी जन्म. गाव निजामाच्या राज्यात. आईबाप लहानपणीच गेले. शिक्षणासाठी सीकर, पुढे पिलानी. तेथून संघाचे प्रचारक म्हणून आग्रा आणि मग गोरखपूर. मराठवाड्यातल्या मुलाने पूर्व उत्तर प्रदेशात जाऊन तेथील बोली, तेथील जाती, तेथील जमीनदार आणि तेथील रुसवेफुगवे असे आत्मसात करावेत की तेथल्यांनीही त्याला परका म्हणू नये, हे सोपे काम नव्हे. आपण बदलीच्या गावी तीन वर्षे काढतो आणि दूधवाल्याशी धड बोलू लागेतो पुढची बदली येते!

गोरखपुरात त्यांना प्रारंभी राहण्यास जागा नव्हती. एका धर्मशाळेतून दुसरीत, असे दिवस काढल्यावर बाबा राघवदासांच्या आश्रमात आसरा मिळाला, आणि त्याचा मोबदला म्हणून ते तेथे स्वयंपाक करीत, अशी हकिगत सांगतात. दुसऱ्या वक्त्यांनी सांगितलेला स्वयंपाक तो हाच. पण बाबा राघवदास कोण होते? पुण्यात जन्मलेले मराठी गृहस्थ, आणि पक्के काँग्रेसवाले. १९४८ साली अयोध्येच्या पोटनिवडणुकीत आचार्य नरेंद्र देवांचा पराभव करणारे. म्हणजे संघाचा तरुण प्रचारक काँग्रेसच्या पुढाऱ्याच्या चुलीशी बसून त्या प्रांताचे राजकारण शिकत होता. पुढे विरोधकांच्या घरी हक्काने जाऊन बसण्याची जी विद्या नानाजींनी आयुष्यभर वापरली, तिचा पहिला धडा त्या चुलीशी गिरवला गेला असावा. वक्त्यांनी मात्र त्यातली पोळी तेवढी पाहिली.

१९५१ साली जनसंघ निघाला आणि उत्तर प्रदेशातील संघटना नानाजींच्या हाती आली. मधल्या काळात, १९५२ साली, गोरखपुरात पहिले सरस्वती शिशुमंदिरही त्यांनीच काढले. पक्षाच्या वाढीचा हिशेब विधानसभेच्या आकड्यांतच पाहावा : १९५२ साली २ जागा, १९५७ साली १७, १९६२ साली ४९ आणि १९६७ साली ९८. सभा गाजवणारे वक्ते पक्षात होतेच. वाजपेयींसारखा वक्ता असता ते कोण नाकारील? परंतु सभा संपल्यावर मतदारांच्या याद्या कोणी करायच्या, कोणत्या तालुक्यात कोणाला उभे करायचे, कोणत्या राजाची समजूत काढायची आणि कोणत्या दुकानदाराकडून वर्गणी आणायची, हे काम भाषणाने होत नाही. ते काम ज्याने उभे केले त्याची बुद्धी असामान्य होती, हे त्याच्या वैऱ्यानेही मान्य करावे.

आणि आता जेथे सारे वक्ते गप्प बसतात, तेथे येऊ. १९६७च्या एप्रिलमध्ये चरणसिंग काँग्रेस सोडून बाहेर पडले आणि संयुक्त विधायक दलाचे मुख्यमंत्री झाले. त्या दलात जनसंघ होता, समाजवादी होते, आणि कम्युनिस्टही होते! ज्यांनी एकमेकांविरुद्ध मते मागितली ते एका बाकावर बसले. ही मोट बांधण्यात नानाजींचा हात मोठा होता, हे सर्वमान्य आहे. मोट बांधणे गैर होते असे आम्ही म्हणत नाही. काँग्रेसच्या एकछत्री सत्तेस पर्याय असतो हे दाखवणे लोकशाहीस आवश्यकच होते. पण दहा-अकरा महिन्यांत, १९६८च्या फेब्रुवारीत, सरकार कोसळले. राष्ट्रपती राजवट आली. आणि १९६९च्या मध्यावधी निवडणुकीत जनसंघाच्या जागा ९८ वरून ४९ झाल्या. बरोबर निम्म्या. चरणसिंगांच्या नव्या पक्षाने मात्र ९८ मिळवल्या! एखाद्या खात्यात एवढी घट झाली असती तर आपण किती स्पष्टीकरणे मागितली असती? येथे उमेदवार पडले, आमदारक्या गेल्या, आणि ज्यांनी पट मांडला ते पुढच्या पटावर बसले. पक्षाचे ठराव छापले जातात. ठरावाआधीच्या रात्रीची बैठक छापली जात नाही. मतदाराने मत दिले ते छापलेल्याला. सत्ता चालली ती न छापलेल्यावर.

यावर आमचे एक स्नेही म्हणाले, ‘अहो, वाटाघाटी चव्हाट्यावर होत नसतात. आणीबाणीत नानाजी डायऱ्या लिहीत बसले असते तर शेकडो माणसे तुरुंगात गेली असती.’ अगदी खरे. १९७५च्या जूनमध्ये लोकसंघर्ष समितीचे सचिव म्हणून त्यांचे नाव जाहीर झाले आणि काही तासांत देशावर आणीबाणी आली. त्या दिवसांत कागद न ठेवणे हेच कर्तव्य होते. त्याआधी, १९७४च्या नोव्हेंबरात पाटण्यास जयप्रकाशांवर पडणारी लाठी त्यांनी आपल्या हातावर झेलली आणि हात मोडून घेतला. हा काही पडद्यामागचा पराक्रम नव्हे. (जयप्रकाशांचाही जन्मदिवस ११ ऑक्टोबरच, आमच्या कार्यक्रमात याचीही कोणास आठवण झाली नाही.) पण आणीबाणी १९७७च्या मार्चमध्ये उठली. त्यानंतर काय झाले? जनता पक्षास बहुमत मिळाले, आणि पंतप्रधान कोण याचा निर्णय निवडून आलेल्या खासदारांनी मते मोजून केला नाही. तो जयप्रकाश आणि आचार्य कृपलानी या दोन वृद्धांवर सोपवला गेला. त्यांनी मोरारजींचे नाव सांगितले. जगजीवनरामांना ते लागले, आणि लागलेले अखेरपर्यंत बुजले नाही. दोघेही वृद्ध निःस्वार्थी होते, यात कोणास शंका नाही. निःस्वार्थीपणाने मोजणीची जागा भरून निघाली असती, तर ते सरकार १९७९च्या जुलैत पडते ना!

आमचा मुद्दा एवढाच आहे. त्याग हा सत्तेच्या प्रश्नाचे उत्तर नाही. ज्याला स्वतःसाठी काही नको असते, तो दुसऱ्यासाठी काय ठरवतो हे विचारणे आपणांस अप्रशस्त वाटू लागते. ‘दोन धोतरांवर राहणाऱ्या माणसाला जाब कसा विचारावा?’ असा संकोच आपल्या मनात निर्माण होतो, आणि तो संकोच त्याच्यानंतर येणारे, दोन धोतरांवर न राहणारे लोक बिनधास्त वापरतात.

नानाजींना हे उमगले होते, असे आम्हांस वाटते. आणि म्हणूनच वक्त्यांवर आमचा राग अधिक आहे. १९७७ साली ते बलरामपूरहून स्वतः लोकसभेस उभे राहिले आणि निवडून आले. देऊ केलेले मंत्रिपद त्यांनी नाकारले. १९७८ साली, साठी उलटलेल्यांनी सत्तेचे राजकारण सोडावे असे उघड आवाहन करून ते स्वतः बाहेर पडले आणि गोंडा जिल्ह्यात, पुढे चित्रकूटला, खेड्यांच्या कामास लागले. हे कार्य डोळ्यांनी पाहता येते, मोजता येते, नावेही ठेवता येतात. पद्मविभूषण, राज्यसभा, मरणोत्तर भारतरत्न हे सारे त्यांना मिळाले ते पुढच्या या कामामुळे अधिक की आधीच्या कामामुळे अधिक, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोडतो. पडद्यामागे राहणे हेच थोर असते, तर त्या माणसाने पडदा सोडला का? आपण त्याला पुन्हा ओढून पडद्यामागे नेऊन बसवतो, कारण तेथे त्याची पूजा सोपी जाते.

कुशाभाऊ ठाकऱ्यांचेही तेच. धारला जन्मलेला हा मराठी माणूस मध्य प्रदेशात गावोगाव हिंडला, १९९८ ते २००० अखिल भारतीय पक्षाचा अध्यक्ष झाला. आज भोपाळचे एक सभागृह आणि रायपूरचे विद्यापीठ त्यांचे नाव सांगते. त्यांच्याविषयी मराठीत विचारा : साधेपणाच्या चार गोष्टी आणि पुढे शांतता.

आता आपल्याकडे पाहू, म्हणजे फाईलवाल्यांकडे. आपणही पडद्यामागचेच. आपले नाव वर्तमानपत्रात येत नाही, आणि येऊ नये असेच आपण देवाकडे मागतो. परंतु आपण टिपण लिहितो, खाली आद्याक्षरे करतो, तारीख घालतो. वीस वर्षांनी कोणी फाईल काढली तर सल्ला कोणी दिला आणि तो कोणी फिरवला हे दिसते. २००५च्या माहिती अधिकाराने तर ती फाईल रस्त्यावरच्या माणसासही उघडी केली. आपणही तोंडी आदेशांची पळवाट काढतो, हे कबूल केले पाहिजे. म्हणूनच ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, तोंडी आदेशांवर काम करू नका, ते लेखी नोंदवा. त्याच वर्षी ३ जूनला, आमच्या वस्तीला लागून असलेल्या भिकाजी कामा प्लेसमधून, केंद्रीय माहिती आयोगाने निर्णय दिला की सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात. काँग्रेस, भाजप, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, राष्ट्रवादी आणि बसप. इतर वेळी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे सहा पक्ष निर्णय न पाळण्यात एकजीव झाले. मार्च २०१५ मध्ये आयोगानेच म्हटले की निर्णय बंधनकारक आहे, पण तो अमलात आणवून घेण्याचे साधन आपणांपाशी नाही. आयोग त्यानंतर मुनीरक्याच्या स्वतःच्या नव्या इमारतीत गेला. तीही आमच्या घरापासून दूर नाही. सकाळी फिरायला जाताना दिसते.

म्हणजे आपल्या कारकुनाने कपाट खरेदीच्या फाईलवर केलेला शेरा नागरिकास पाहता येतो, आणि देशाचे सरकार कोणत्या बैठकीत जमले वा मोडले, तो कागद मागण्याची सोय नाही. आणि या विषमतेस आपण, जन्मभर टिपणे लिहिणारी माणसे, ‘निष्काम कर्मयोग’ म्हणून टाळ्या वाजवतो!

पुढच्या ११ ऑक्टोबरसाठी आम्ही मंडळींकडे एक विनंती केली आहे. धोतराचे वर्णन पाच मिनिटांत आटोपावे. १९६७ ते १९६९ या तीन वर्षांवर बोलणारा एक वक्ता बोलवावा, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. आणि लखनौ-गोरखपूरकडे त्या काळात नोकरी केलेले जे कोणी वृद्ध मराठी अधिकारी अजून दिल्लीत असतील, त्यांच्या आठवणी तारखांसह लिहून घ्याव्यात. मंडळींनी विनंती ऐकून घेतली, मानही डोलावली. लेखी उत्तर अद्याप आलेले नाही.