फोन तुमचा, किल्ली कंपनीची

‘फोन जुना झाला’ हे वाक्य मला निम्मं खोटं वाटतं. प्रोसेसर ठणठणीत असतो, स्क्रीन शाबूत असते. थांबलेले असतात ते फक्त कंपनीचे अपडेट. मग कोणीतरी सुचवतं, ‘लिनक्स टाक की!’ अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच आहे, तोही खुला. मग घोडं अडतं कुठे?

फर्मवेअरपाशी. वाय-फाय, मोडेम, जीपीयू अशा चिप्सच्या आत स्वतःचा छोटा प्रोग्राम चालतो. त्याचा सोर्स कोड मिळत नाही, मिळते ती बंद बायनरी फाइल. तिच्यावर बहुतेक वेळा कंपनीची डिजिटल सही असते. एक बाइट बदलला की चिप ती नाकारते. फाइल इतरांना वाटायची परवानगीही अनेकदा नसते. शिवाय फोनमध्ये कुठला भाग कुठे जोडलाय हे कर्नलला सांगणारी डिव्हाइस ट्री प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी लिहावी लागते, तीही कागदपत्रांशिवाय. पोस्टमार्केटओएसचे स्वयंसेवक २०१७पासून हे करताहेत. कित्येक मॉडेलवर स्क्रीन उजळते, पण कॅमेरा किंवा कॉल चालत नाही.

तत्त्वाला चिकटून राहणाऱ्या डेबियननेही २०२२मध्ये मतदान घेऊन बंद फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतलं. काहींना ही शरणागती वाटली. मला नाही वाटत. ज्या लॅपटॉपवर वाय-फायच लागत नाही, तिथे स्वातंत्र्याची शिकवण कोण ऐकणार? दोष नाक दाबणाऱ्याचा, तोंड उघडणाऱ्याचा नाही.

कंपन्या म्हणतात, कुलूप सुरक्षेसाठी आहे. मोडेमबाबत हे मला मान्य आहे, कारण रेडिओ लहरींना नियम हवेतच. पण गुगलच्या पिक्सेलवर स्वतःची किल्ली घालून बूटलोडर पुन्हा लॉक करता येतो. म्हणजे सुरक्षा आणि मालकी एकत्र नांदू शकतात. उलट, कंपनीने सोडून दिलेल्या बंद फर्मवेअरमधलं भोक दुसरं कोणी बुजवूच शकत नाही. याला सुरक्षा म्हणायचं?

आपल्या सरकारने २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली. चांगलं केलं. पण दुरुस्ती म्हणजे नुसती बॅटरी आणि स्क्रीन नव्हे. माझी मागणी साधी आहे: अपडेट थांबवाल त्या दिवशी बूटलोडर उघडा, फर्मवेअर वाटायची परवानगी द्या, हार्डवेअरची कागदपत्रं जाहीर करा. पुढचं काम आम्ही फुकट करू.

तुम्ही पूर्ण पैसे मोजलेत. मग किल्ली भाड्याच्या घरासारखी मालकाकडे का?