दोष कंपायलरचा की आपला?

आज्ञावली अडली की कंपायलरला दोष देण्याची घाई करू नका. कर्जत-खालापूरच्या कोणत्याही शाळेत हा प्रयोग करता येईल. 'सी' भाषेत फाइलची नक्कल करताना वाचलेला बाइट 'इंट'ऐवजी 'कॅर'मध्ये साठवा. उल्हास नदीवरील मराठी निबंधाची नक्कल नीट होते. नदीच्या जेपेग छायाचित्राची मात्र रिकामी! कारण फाइल संपल्याची खूण बहुधा -१ असते. 'कॅर'मध्ये २५५ हा बाइटही -१ ठरतो, आणि जेपेगचा पहिलाच बाइट २५५ असतो. जेथे 'कॅर' ऋण नसतो, तेथे हीच आज्ञावली थांबतच नाही. म्हणजे दोन यंत्रांची दोन उत्तरे हा कंपायलरविरुद्ध पुरावा नव्हे.

कंपायलरही चुकतात. अमेरिकी संशोधकांनी २०११पर्यंत असे ३२५हून अधिक दोष शोधले. पण स्वतःच्या चाचण्या निर्दोष ठेवून! आपणही आज्ञावली लहान करत न्यावी, तपासावी, मगच बोट दाखवावे.