हिंजवडीत सायकलमार्ग मागायचा कोणाकडे?

सुरक्षित सायकलमार्गाच्या मागणीला हिंजवडीत पहिली अडचण येते ती दाद मागण्याचीच. पुणे महापालिकेने डिसेंबर 2017 मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, पण तो तिच्या हद्दीपुरता. त्या हद्दीबाहेर, मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत आयटी पार्क उभा राहिला आणि रस्त्यांचा कारभार मात्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी), पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए), ग्रामपंचायत असा वाटला गेला. त्यामुळे सलग मार्ग ही कोणा एकाची जबाबदारी ठरली नाही. शिवाय सायकलमार्ग म्हणून नुसता पांढरा पट्टा मारून भागत नाही. त्यावर दुचाक्या उभ्या राहतात. मार्गाच्या तोंडाशी रोवलेले खांब एकमेकांपासून दूर असले तर दुचाकी आत घुसते, फार जवळ असले तर सायकलचेच हँडल अडकते. खरा धोका चौकात असतो, कारण मार्ग तिथेच तुटतो आणि सायकलस्वार डंपरच्या पुढ्यात येतो. याची झळ सर्वाधिक बसते ती सायकलशिवाय पर्याय नसलेल्या सुरक्षारक्षकाला, मजुराला. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्यावर वाहनांपेक्षा माणसांना प्राधान्य दिले आहे. त्याच आधारे हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे 23 किलोमीटरच्या मेट्रोच्या प्रत्येक स्थानकापर्यंत अखंड सायकलमार्ग आणि तिथे सायकलतळ, एवढे तरी रहिवासी आणि कंपन्यांनी एकत्र येऊन मागावे.