कोठारातले जुने बाँब

उज्जैन जिल्ह्यातील महिदपूर येथे २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रा ओलांडून चालून येणाऱ्या सर टॉमस हिस्लॉपच्या फौजेवर होळकरांच्या तोफखान्याने गोळ्यांचा आणि छर्ऱ्यांचा असा मारा केला की, लढाई जिंकूनही इंग्रजांची सुमारे ८०० माणसे ठार वा जखमी झाली. पुढे मंदसोरच्या तहाने होळकरांचे स्वातंत्र्य गेले, तो इतिहास येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. सांगावयाचे ते इतकेच की, लढाई संपली तेव्हा त्या छर्ऱ्यांचेही काम संपले. माळव्याच्या काळ्या मातीत पुढल्या मोसमात नांगर घालणाऱ्या कुणब्याला त्यांचे भय उरले नाही.

एका घावात अनेकांना टिपण्याची तीच कल्पना विसाव्या शतकात विमानावर चढली आणि तिचे क्लस्टर बाँब झाले. आकाशात एक पेटारा उघडतो आणि शेकडो लहान बाँब विस्तीर्ण टापूत विखुरतात. ते सगळेच फुटत नाहीत. अमेरिकेने १९६४ ते १९७३ या काळात लाओसवर असे सुमारे २७ कोटी लहान बाँब टाकले. त्यांपैकी अदमासे ८ कोटी न फुटता शेतांत, रानांत पडून राहिले. ज्यांचा जन्म युद्धानंतर कित्येक वर्षांनी झाला, अशी मुलेदेखील चेंडू समजून ते उचलतात आणि मरतात किंवा पांगळी होतात.

ही जुनी, विमानातून टाकावयाची अस्त्रे आज सेवेत आहेत काय, हा प्रश्न परदेशीयांपुरता नाही. आपल्या वायुदलात १९७९ मध्ये जग्वार विमाने दाखल झाली. त्याच विमानाच्या जोडीचा ब्रिटिश बीएल-७५५ हा क्लस्टर बाँब आणि रशियन बनावटीचे आरबीके जातीचे बाँब भारताच्या साठ्यात असल्याचे शस्त्रास्त्रविषयक संदर्भग्रंथ वर्षानुवर्षे नमूद करीत आले आहेत. एका बीएल-७५५ मध्ये १४७ लहान बाँब असतात. २०१० मध्ये भारताने अमेरिकेकडून सीबीयू-१०५ जातीचे ५१२ बाँब घेण्याचा करार केला. लक्ष्य न सापडल्यास आपोआप निकामी होणारे म्हणून ते नावाजले गेले. नवे आले म्हणजे जुने मोडीत निघाले, असे मात्र समजण्याचे कारण नाही. दाबोळीच्या हंस तळावर २०१६ मध्ये सी हॅरियर विमानांना समारंभपूर्वक निरोप दिला गेला, तो गोमंतकीयांच्या स्मरणात असेल. विमानाला निरोप मिळतो, बँड वाजतो, छायाचित्रे निघतात. बाँबला असला निरोप नसतो. तो कोठारात निमूट पडून राहतो.

पडून राहिलेला बाँब कोठे उगवेल याचा नेम नसतो, हे येमेनने दाखवून दिले. ब्रिटनने १९८०च्या दशकात सौदी अरेबियाला विकलेले बीएल-७५५ तीस वर्षांनी येमेनी खेड्यांवर पडले. डिसेंबर २०१६ मध्ये ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांना पार्लमेंटमध्ये त्याची कबुली द्यावी लागली. तोपर्यंत ब्रिटनने स्वतःचा साठा केव्हाच नष्ट केला होता!

क्लस्टर अस्त्रांवर संपूर्ण बंदी घालणारा करार मे २००८ मध्ये डब्लिन येथे संमत झाला आणि १ ऑगस्ट २०१० पासून अमलात आला. शंभराहून अधिक राष्ट्रे त्यात आहेत, भारत नाही. पाकिस्तान नाही, चीन नाही, अमेरिका आणि रशियाही नाहीत. दोन्ही सीमांवर ज्यांच्याशी गाठ, ते हे अस्त्र बाळगीत असता आपणच ते टाकून द्यावे, असे म्हणणे सोपे नाही, आणि आम्ही तसे म्हणतही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेने युक्रेनला क्लस्टर तोफगोळे पुरविले. २०२५ मध्ये लिथुआनिया रशियाच्या भयाने करारातून बाहेर पडला. काळ असा आहे.

परंतु जुन्या साठ्याची गोष्ट निराळी. कराराबाहेरील बड्या राष्ट्रांसाठी २०११ मध्ये जिनिव्हा येथे एक सौम्य मसुदा पुढे आला होता. १ जानेवारी १९८० पूर्वी तयार झालेली क्लस्टर अस्त्रे बाद करावीत, हे त्याचे मुख्य कलम. भारताचा त्या मसुद्याला पाठिंबा होता. मसुदा अपुरा आहे म्हणून अनेक राष्ट्रांनी तो अडविला आणि तो बारगळला. मग जी गोष्ट आपण जगासमवेत करावयास राजी होतो, ती स्वतःच्या कोठारात करण्यास आडकाठी कोणाची? चाळीस-पन्नास वर्षांच्या स्फोटकाचा भरवसा शत्रूपेक्षा ते हाताळणाऱ्या आपल्याच जवानाला अधिक हवा असतो. आणि असे बाँब कधी वापरावे लागलेच, तर सीमेवरचा मुलूख आपला, तेथे पुन्हा पेरणी करावयाची तीही आपल्याच शेतकऱ्यांनी.

जुलै २०१९ च्या अखेरीस नीलम खोऱ्यात भारताने क्लस्टर गोळे वापरल्याचा आरोप पाकिस्तानने केला आणि आपल्या सैन्याने तो ठामपणे फेटाळला. आपल्याजवळ काय आहे आणि काय काढून टाकले, हे आधीच जाहीर असते तर त्या नकाराला अधिक वजन आले असते. संरक्षण मंत्रालयाने संख्या सांगू नये. ती गुप्त राहणे योग्यच. १९८० पूर्वीची क्लस्टर अस्त्रे सेवेतून काढली की नाहीत, आणि काढली नसल्यास केव्हा काढणार, एवढे एक निवेदन संसदेच्या पुढील अधिवेशनात व्हावे.