अनुभवाचा दाखला कोण देणार?

घरात वीज सर्वांत जास्त कोण हाताळते? पहाटे पाण्याची मोटर सुरू करते ती बाई. मिक्सर, इस्त्री, गीझर, ओल्या हाताने दाबलेले बटण, सगळे तिच्याच वाट्याचे. लोखंडी तारेवर कपडे वाळत घालते तीही तीच, आणि त्या तारेत वीज उतरली की पहिला झटका बसतो तोही तिलाच. पण त्या घराचे वायरिंग करणारा, त्यावर देखरेख ठेवणारा, 'ठीक आहे' म्हणून सही करणारा आणि बाई गेल्यावर ती कशाने गेली हे सांगणारा, या चारही जागी बहुतेक ठिकाणी पुरुषच असतो. याला योगायोग म्हणून सोडून द्यायला आम्ही तयार नाही.

आधी ही उतरंड समजून घेऊ. सर्वांत खाली तारतंत्री, म्हणजे वायरमन. त्याला परमिट लागते. त्याच्या वर पर्यवेक्षक. त्याला सक्षमतेचे प्रमाणपत्र लागते. मग परवानाधारक कंत्राटदार. आणि या सगळ्यांच्या वर सरकारचा विद्युत निरीक्षक. २००३ च्या विद्युत कायद्याच्या १६२ व्या कलमाखाली त्याची नेमणूक होते. कारखाने, उंच इमारती, महाराष्ट्रात लिफ्टसुद्धा, त्याच्या तपासणीखाली येतात. लहान घरात तो स्वतः येत नाही. तिथे कंत्राटदाराचा चाचणी अहवाल पुरतो. म्हणजे वस्तीतल्या बाईचा जीव वायरमन आणि पर्यवेक्षक यांच्या प्रामाणिकपणावर टांगलेला असतो.

या उतरंडीतल्या एकाही पायरीवर 'बायकांना प्रवेश नाही' अशी पाटी नाही. परमिटाच्या नियमांत नाही, निरीक्षकाच्या अर्हतेत नाही. १९९४ साली महाराष्ट्राने देशातले पहिले महिला धोरण जाहीर केले. सरकारी नोकऱ्यांत बायकांसाठी तीस टक्के जागा राखीव आहेत. मग अडते कुठे?

अडते ते एका कागदावर. त्याचे नाव अनुभवाचा दाखला. आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा अभ्यासक्रम मुलगी पास होते, पदविका घेते, पदवीही घेते. पुढे मात्र जवळजवळ प्रत्येक पायरीवर विचारतात : प्रत्यक्ष काम केलेत का? निरीक्षकाच्या पदालाही नुसती पदवी पुरत नाही, कामाची वर्षे मोजली जातात. आणि ही वर्षे देणारा कोण? कंत्राटदार. तो म्हणतो, "पोरगी साइटवर कशी ठेवू?" ठेवलीच तर ऑफिसात बिले लिहायला बसवतो. दोन वर्षांनी तिच्याबरोबर पास झालेल्या मुलाच्या हातात परमिट असते. तिच्या हातात बिलांची फाइल. शासन म्हणते, आम्ही दार उघडे ठेवले आहे. दार उघडे आहे, मान्य. पण दाराशी जाणारा जिना एका खाजगी माणसाच्या मर्जीवर सोडून दिला आहे.

यावर नेहमीची उत्तरे येतात. ती एकेक तपासू.

"खांबावर चढणे बाईचे काम नाही." बांधकामावर डोक्यावर विटांची पाटी घेऊन बांबूच्या परांचीवर चढणाऱ्या बाईला हे कोणी सांगत नाही, कारण तिची मजुरी कमी असते. २०१९ साली तेलंगणातल्या एका सरकारी वीज वितरण कंपनीने लाइनमनच्या भरतीत बायकांना अपात्र ठरवले. दोन तरुणी उच्च न्यायालयात गेल्या. परीक्षेला बसू देण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागला, खांबावर चढण्याच्या चाचणीसाठी पुन्हा लागला. २०२० च्या डिसेंबरात त्यांनी खांब चढून दाखवला. अवघड खांब नव्हता, अवघड होते ते खांबापर्यंत पोचणे. शिवाय निरीक्षकाचे मुख्य काम खांब चढण्याचे नाही. नकाशा वाचायचा, मेगरने वायरिंगचे इन्सुलेशन मोजायचे, अर्थिंग मोजायचे, गळती झाली की वीज तोडणारे उपकरण खरोखर तोडते का ते पाहायचे. यात मिशांचा उपयोग कुठे होतो?

"रात्रीबेरात्री जावे लागते." १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ६६ व्या कलमाने बायकांच्या रात्रपाळीवर बंदी घातली होती. मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली ती घटनाबाह्य ठरवली. पुढे २०२० च्या श्रमसंहितेने बाईच्या संमतीने आणि सुरक्षिततेच्या अटीवर रात्रपाळीला वाट दिली. संरक्षणाच्या नावाखाली बाईला कामावरून घरी पाठवायचे आणि रस्त्यावरचा दिवा मात्र बंदच ठेवायचा, हा जुना खेळ आहे. रात्र असुरक्षित असेल तर रात्र दुरुस्त करा.

"हुशार मुली आपोआप पुढे येतात." ए. ललिता या भारतातल्या पहिल्या महिला विद्युत अभियंत्या. अठराव्या वर्षी विधवा झाल्या, पदरात तान्ही मुलगी. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला मद्रासजवळच्या गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकल्या. पदवीच्या प्रमाणपत्रावर छापलेला पुल्लिंगी शब्द खोडून हाताने स्त्रीलिंगी लिहावा लागला, असे सांगतात. जमालपूरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये त्यांनी प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण घेतले आणि पुढे भाक्रा-नांगल प्रकल्पासाठी काम केले. त्यांच्या कर्तृत्वाला आमचा सलाम. पण हेही विसरू नये की त्यांचे वडील त्याच महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. ज्या मुलीचा बाप बिगारी आहे, तिच्यासाठी वर्कशॉपचे दार कोण ठोठावणार? हक्क वडिलांच्या ओळखीवर मिळत असेल तर तो हक्क नव्हे.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. विजेच्या अपघातात माणूस दगावला तर १६१ व्या कलमानुसार विद्युत निरीक्षकाला कळवावे लागते आणि शासन त्याच्याकडून चौकशी करवून घेऊ शकते. मैत्रिणींनो, स्टोव्ह आठवा. ऐंशीच्या दशकात आपण रस्त्यावर उतरून विचारत होतो, स्टोव्ह सुनेच्याच अंगावर का भडकतो? १९८६ साली हुंडाबळीचे कलम आले, आज ते भारतीय न्याय संहितेत आहे. स्टोव्ह आता बहुतेक घरांतून गेला. पण "शॉक लागून गेली" हे वाक्य पंचनाम्यात सहज लिहिता येते. तेव्हा कोणीतरी नीट पाहायला हवे : अर्थिंग होते का? वायर आधीपासून उघडी होती की नंतर उघडी केली? नादुरुस्त मोटर महिनोन्‌महिने तिलाच का चालू करायला लावत होते? निरीक्षक बाई असली की ती न्यायी असेलच, असा भाबडा दावा आम्ही करत नाही. पण ओल्या मोरीत उभे राहून काम करणाऱ्यांपैकी एकही चौकशी करणाऱ्यांत नसेल, तर काही प्रश्न विचारलेच जात नाहीत.

म्हणून आमच्या मागण्या :

१. आयटीआय आणि पदविका पूर्ण केलेल्या मुलींना अनुभवाची वर्षे सरकारी वीज कंपन्यांत आणि सार्वजनिक बांधकाम विभागात मिळावीत. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा त्यासाठी हाताशी आहे.

२. सरकारी कामे घेणाऱ्या विद्युत कंत्राटदारांवर महिला तारतंत्री आणि पर्यवेक्षक ठेवण्याची अट घालावी.

३. उपकेंद्रांत बायकांसाठी संडास, आणि त्यांच्या मापाचे बूट, हातमोजे, सुरक्षापट्टे असावेत.

४. दर वर्षी किती बायकांना परमिट, प्रमाणपत्र आणि निरीक्षकाचे पद मिळाले, ते आकडे जाहीर करावेत.

मागण्या लिहून भागत नाही. आपल्या तालुक्याच्या आयटीआयत जा. वीजतंत्रीच्या वर्गात किती मुली आहेत, गेल्या तीन वर्षांत पास झालेल्या मुली आज कुठे आहेत, कुणाला दाखला मिळाला आणि कुणाला नाकारला, हे विचारा. मुलींशी बोला, शिक्षकांशी बोला, जमले तर कंत्राटदाराशीही. आणि जे कळेल ते आम्हाला लिहून पाठवा. ही माहिती गोळा झाली की ती घेऊन आपण सगळ्या मिळून विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात जाऊ.