अण्णांच्या स्कूटरची नऊ चलानं



मागच्या महिन्यात विजेच्या बिलावर लिहिलं, तेव्हा तुमच्यापैकी दोघा-तिघांनी विचारलं, "चलानांबद्दल कधी लिहिताय?" मी टाळत होते, कारण त्यात आमच्याच घरची फजिती आहे. आता अण्णांनी परवानगी दिली आहे. "नाव घालू नकोस, बाकी खरं लिही," एवढीच अट.

गोष्ट २०२४ च्या जानेवारीतली. २६ डिसेंबरपासून तेलंगणात थकीत चलानांवर सवलत सुरू झाली होती. दुचाकी-तीनचाकींना ८० टक्के माफ, मोटारींना ६०, आरटीसीच्या बस आणि हातगाड्यांना ९०. संक्रांतीला सगळे काचीगुड्याच्या घरी जमलो होतो. भाचा मोबाइल घेऊन प्रत्येकाच्या गाडीचा नंबर टाकून बघत होता, आणि कुणाची किती चलानं निघतात यावर हशा चालला होता.

"आजोबा, तुमच्या जुन्या स्कूटरचा नंबर सांगा ना."

अण्णांनी पाठ असलेला नंबर सांगितला, एपी ०९ ने सुरू होणारा. स्कूटर २०२१ मध्येच विकली होती, म्हणून सगळे गमतीत ऐकत होते. नऊ चलानं निघाली. तीन विनाहेल्मेट, सहा चुकीच्या पार्किंगची, आणि नऊच्या नऊ अण्णांच्या नावावर.

आता अण्णा म्हणजे ग्रंथालयाचं पुस्तक एक दिवस उशिरा परत न करणारा माणूस. हिशेबखात्यात नोकरी झालेली. भाच्याने फोटो मोठा करून दाखवला. ट्रूप बाजारात स्कूटर अर्धी फुटपाथवर, अर्धी रस्त्यात, आणि सीटवर वायरची बंडलं रचलेली. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"माझ्या नावावर आहे ना? मग माझंच आहे. भरून टाका."

"अहो पण गाडी तुमची नाहीच!" भाचा तणतणला. "एक पैसा भरायचा नाही!"

दोघंही अर्धे बरोबर होते, आणि ते कळायला मला पुढचे चार दिवस लागले.

कायद्याला आपला व्यवहार दिसत नाही, त्याला आरसी दिसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीएला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायची. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. आम्ही काय केलं होतं? स्टॅम्प पेपरवर दोन सह्या, वर एक कप चहा, आणि अण्णांच्या हस्ते किल्ली. आरसी मूळ नावावरच राहिली. घेणारा करून घेईल असं आम्ही धरलं, अण्णा करतील असं त्याने धरलं.

हे नुसतं पार्किंगच्या दंडापुरतं असतं तर मी एवढी घाबरले नसते. पण २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं आहे की अपघाताची भरपाई द्यायची वेळ आली तर नोंदणीपुस्तकावर ज्याचं नाव तोच मालक. त्या खटल्यातली गाडी विकल्यावर पुढे अनेक हातांतून गेली होती, तरी जबाबदारी पहिल्याच्याच अंगावर आली. ते वाचल्यावर ट्रूप बाजारातली ती वायरची बंडलं मला वेगळी दिसायला लागली. गाडी नुसती उभी होती, कुणाच्या अंगावर गेली नव्हती, हे आमचं नशीब.

तर आधी चलान नीट वाचायचं. आपल्याकडे मोबाइलवर मेसेज आला की दोनच गोष्टी होतात: घाबरून लगेच भरणं, नाहीतर 'नंतर बघू' म्हणून विसरणं. फोटो उघडून कुणी बघत नाही. फोटोत नंबरप्लेट स्पष्ट आहे का? गाडी आपलीच आहे का? ३ आणि ८ मध्ये गल्लत होऊ शकते. जागा, तारीख, वेळ, कलम दिलेलं आहे का? कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये नियम केले, त्यांत ही सगळी माहिती द्यायची आणि नोटीस १५ दिवसांत पाठवायची असं म्हटलेलं आहे. चूक वाटली तर फोटोसकट लेखी तक्रार करायची. आणि एक गोष्ट मलाही माहीत नव्हती: चलान भरणं म्हणजे तडजोड करून प्रकरण मिटवणं. गुन्हा मान्य नसेल तर न्यायालयात बाजू मांडण्याचा हक्क आपल्याला आहे. चारशे-पाचशे रुपयांसाठी कुणी जात नाही ही गोष्ट वेगळी.

पण आधी स्वतःला प्रामाणिकपणे विचारायचं, की आपण चुकलो होतो का? २०१७ च्या वाहनचालन नियमांप्रमाणे फुटपाथवर, झेब्रा क्रॉसिंगवर, बसस्टॉपजवळ, शाळा-हॉस्पिटलच्या दारात, दुसऱ्याच्या फाटकासमोर आणि उभ्या गाडीला समांतर दुसरी गाडी लावायला मनाई आहे. चौकाच्या आधी आणि नंतर ५० मीटरपर्यंत नाही, हे तर कुणालाच ठाऊक नसतं. 'नो पार्किंग'चा बोर्ड नव्हता हे उत्तर अशा ठिकाणी चालत नाही. शहरात ऑक्टोबर २०२२ मध्ये 'ऑपरेशन रोप' सुरू झालं तेव्हा अडथळा होईल अशा पार्किंगला ६०० रुपये आणि फ्री लेफ्ट अडवला तर १००० रुपये दंड जाहीर झाला होता. ट्रूप बाजारातली सहाही चलानं मला रास्त वाटली. फक्त माणूस चुकीचा होता.

उलट प्रकारही आहे. प्रत्येक पावती म्हणजे दंड नव्हे, आणि प्रत्येक मागणी कायदेशीर नव्हे. करोनाच्या आधीची गोष्ट. एका मॉलमध्ये मी फक्त भाच्याला घ्यायला आत शिरले आणि वीस मिनिटांत बाहेर पडले, तर फाटकावरच्या मुलाने तीस रुपये मागितले. मी पर्स उघडत होते. मागे बसलेल्या भाच्याने, तेव्हा तो कॉलेजात होता, काच खाली करून विचारलं, "भैया, जीओ ६३ मालूम है क्या?" मार्च २०१८ च्या त्या सरकारी आदेशाप्रमाणे मॉल आणि मल्टिप्लेक्समध्ये पहिली तीस मिनिटं पार्किंग फुकट. तीस मिनिटं ते एक तास, कसलंही बिल दाखवलं तर फुकट. त्यापुढे बिल किंवा सिनेमाचं तिकीट पार्किंगच्या रकमेपेक्षा जास्त असेल तर फुकट. मुलाने दांडा उचलला. त्या बिचाऱ्याचा काय दोष म्हणा, त्याला वरून सांगितलेलं.

माझ्या चुलतबहिणीची मुलगी लेस्टरला असते. तिलाही असाच धडा मिळाला, फक्त पौंडांत. ब्रिटनमध्ये गाडीच्या काचेवर जो कागद मिळतो त्याला सगळेच पीसीएन म्हणतात, पण ते दोन वेगळे प्राणी आहेत. कौन्सिलने दिलेली 'पेनल्टी चार्ज नोटीस' हा कायद्याने केलेला दंड. १४ दिवसांत भरला तर निम्मा. पटला नाही तर आधी कौन्सिलकडे आणि मग स्वतंत्र लवादाकडे दाद मागता येते. खासगी कंपनीने दिलेली 'पार्किंग चार्ज नोटीस' मात्र करारावरून मागितलेले पैसे. "खासगी आहे ना, फाडून टाक," असं तिला भारतीय मित्रमंडळींनी छातीठोकपणे सांगितलं. सुदैवाने तिने फाडली नाही. चेम्सफर्डच्या एका गाळेसंकुलात दोन तासांची फुकट मर्यादा ओलांडल्याबद्दल लावलेले ८५ पौंड तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये वैध ठरवले आहेत. ती रीतसर अपिलात गेली, पैसे भरल्याची पावती जोडली आणि सुटली.

हे मी घरी वाचून दाखवलं तेव्हा अण्णा म्हणाले, "म्हणजे तिथे लवकर भरणाऱ्याला सूट, आणि इथे न भरणाऱ्याला?"

मला उत्तर देता आलं नाही. २०२२ च्या मार्चमध्येही अशीच सवलत आली होती, दुचाकींना ७५ टक्के. तेव्हा ज्यांनी आधीच पूर्ण भरलं होतं त्यांना काहीच मिळालं नाही. आमच्या भाच्याच्या पिढीने यातून काय शिकायचं ते शिकून घेतलं आहे, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

स्कूटर घेणारा इलेक्ट्रिशियन होता. त्याचा नंबर कुणाकडेच नव्हता. शेवटी तो सापडला आमच्याच मीटरच्या डब्यात: पंखे दुरुस्तीचं त्याचं जुनं स्टिकर आतून चिकटलेलं होतं. फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच आला, त्याच स्कूटरवर. अण्णांनी त्याला खुर्ची दिली आणि नऊ फोटो एकामागून एक दाखवले.

"हौ साब, मेराइच है," तो म्हणाला. "मेरेकू तो मेसेजच नै आया. मैं सोचा पुलिसवाले मेरेकू छोड दे रें."

मेसेज कसा येणार? आरसीला अण्णांचा जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर जोडलेला. सगळी मिळून अडीच हजारांच्या आसपास रक्कम होती. सवलतीनंतर पाचशेच्या आसपास राहिली, ती त्याने तिथेच बसून भरली. अण्णा निम्मे द्यायला निघाले होते, त्याने हात जोडले. पुढच्या आठवड्यात दोघं मिळून आरटीएत गेले. फॉर्म २९ अण्णांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात भरला आणि त्याची झेरॉक्स घरच्या फायलीत लावली. नावबदल पूर्ण झाल्याची खात्री होईपर्यंत रोज भाच्याला फोन.

आता दर महिन्याच्या एक तारखेला अण्णा स्कूटरचा नंबर टाकून बघायला लावतात. "अहो, ती आता त्याची आहे," म्हटलं तर म्हणतात, "असू दे, बघ तर." मार्चमध्ये एक नवीन चलान दिसलं. परत ट्रूप बाजार, परत फुटपाथ. अण्णांनी स्वतः त्याला फोन लावून झापलं.

मग म्हणाले, "आता तुझ्या गाडीचा नंबर टाक." एकच निघालं. अडथळा होईल असं पार्किंग, रविवार संध्याकाळ. फोटोत मागे आपल्याच गणेशोत्सवाचा मांडव दिसत होता.